थ्री-नॉट-थ्रीच्या वीस पुंगळ्या

एव्हर्टने मला फसवलं आणि माझ्या वडिलांनी त्याला फसवू दिलं. एव्हर्ट म्हणजे नेदरलँड्समधल्या एनस्खेडे गावातला आमचा शेजारी. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर डाय आणि साचे बनवून निवृत्त झालेला कारागीर. वडील तिथल्या विद्यापीठात संशोधक. एकाने माझ्याकडून काडतुसांच्या वीस पुंगळ्या करून घेतल्या आणि आपल्या नातवाच्या म्हणून पुढे केल्या. दुसऱ्याने कुंपणाशी उभं राहून, हसतमुखाने, त्याला हवं ते उत्तर दिलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट 'केतकीच्या नशिबात तसं नव्हतं' अशी सांगितली जाते. नशीब तिथे कुठेही नव्हतं. दोन पुरुष होते आणि एक चार फुटी कुंपण होतं.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि सगळा देश घरात बसला होता. आमचं घर ओळीतल्या घरांपैकी एक, खाली बैठक आणि स्वयंपाकघर मिळून एकच खोली. वडिलांनी जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला होता. सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातला पायजमा अशा वेशात ते लॅपटॉपसमोर बसत आणि दिवसभर पडद्यावरच्या चेहऱ्यांना 'माझा आवाज येतोय का' असं विचारत. आवाज सगळ्या गल्लीला जात होता. त्यांच्या मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून आईने वरण साध्या पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. तासभर ती डाळ रटरटत असे, घरभर हिंगाचा वास, आणि आई गॅसपाशी उभी राहून भांड्याला भांडं लागू न देता काम करत असे. स्वतःच्या घरात चोरासारखी. थालीपिठाची भाजणी संपली, भारतातून येणारी पार्सलं बंद, मग तिने इथल्या राय नावाच्या धान्याच्या पिठात बेसन घालून थालीपिठं लावली. ती काळी आणि चिवट होत. वडील ती खाताना 'ऑथेंटिक नाही' म्हणत, आणि तिसरं मागत.

माझी अडचण वेगळी होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. या देशात बाराव्या वर्षी मुलांची वाटणी होते. पुस्तकी हुशारीची मुलं एका प्रकारच्या शाळेत जातात, तिथून विद्यापीठात. हाताने काम शिकणारी मुलं दुसऱ्या प्रकारच्या. माझ्या मास्तरांनी मला दुसऱ्या शाळेत घातलं, आणि ते योग्यच केलं. मला कागदावरचं गणित बघून झोप येई आणि कानशीच्या आवाजाने जाग येई. वडिलांना मात्र तो दिवस घरात कुणी गेल्यासारखा वाटला. त्यांनी मराठी मंडळात सांगून टाकलं की केतकी पहिल्या प्रकारच्या शाळेत आहे, पुढे इंजिनिअर होणार. एकदा सांगितलेलं खोटं सांभाळावं लागतं. चार वर्षं मंडळाच्या हळदीकुंकवाला, गणपतीला मी माझ्या शाळेचं नाव हळू आवाजातही उच्चारायचं नाही, असा नियम होता. काका-मावश्या विचारत, 'लॅटिन कसं चाललंय?' मी म्हणे, 'बरं चाललंय.' लॅटिनचं एक अक्षर मला आजही येत नाही.

त्या वर्षी शेवटची परीक्षाच रद्द झाली आणि शाळेने गुण देऊन आम्हाला पास केलं. मला पुढे बारीक यंत्रकामाचा अभ्यासक्रम करायचा होता: आठवड्यातले चार दिवस एखाद्या वर्कशॉपमध्ये काम आणि एक दिवस वर्ग. प्रवेशाची अट एकच. आधी वर्कशॉपने तुम्हाला शिकाऊ म्हणून घ्यायला हवं. मी सायकलवरून शहरातली अकरा वर्कशॉप पालथी घातली. बहुतेक ठिकाणी दाराच्या काचेआडूनच हात हलवून नाही सांगितलं. या साथीत असलेली माणसंच घरी बसवली आहेत, तुला कुठे घेऊ, असा सगळ्यांचा सूर. ऑगस्ट संपेपर्यंत जागा मिळाली नाही तर शाळा मला कार्यालयीन कामाच्या वर्गात घालणार होती. फायली लावायच्या आणि फोनवर गोड बोलायचं. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांनी ही कल्पना करून पाहावी.

एव्हर्टच्या परसातल्या शेडमधून तेव्हा रोज एक आवाज येई. आधी लोखंडी दांड्याचा जड आवाज, मग बारीक 'टिक', मग एक शिवी. दांडा, टिक, शिवी. तीन दिवस ऐकून चौथ्या दिवशी मी कुंपणाशी जाऊन विचारलं, "तुम्ही काय मोडताय?"

"पितळ," तो म्हणाला. "आणि मी मोडत नाही, ते मोडतं."

एव्हर्ट जुन्या डच सैनिकी बंदुका चालवणाऱ्या एका क्लबात होता. त्या बंदुकांची काडतुसं आता बाजारात मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल. मग हे लोक दुसऱ्याच बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या घेतात आणि त्यांना नवा आकार देतात. त्यासाठी आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर असायची ती थ्री-नॉट-थ्री चालते. बूड जवळपास तेवढंच, फक्त कड केसभर मोठी. पुंगळी तीनेक मिलिमीटरने लांब. आणि मान सव्वा मिलिमीटरने रुंद. मान एकामागून एक तीन डायमध्ये दाबून अरुंद करायची, लांबी कापायची, कड लेथवर उतरवायची. ऐकायला सोपं आहे. पण पितळ दाबलं की ते कडक होतं, आणि कडक झालेलं पितळ पुढच्या डायमध्ये घातलं की मानेवर चीर जाते किंवा खांद्यावर सुरकुती पडते. पाच पुंगळ्या घातल्या की तीन भंगारात, हा एव्हर्टचा हिशोब होता, आणि पन्नास वर्षं डाय बनवलेल्या माणसाने तो मुकाट्याने मान्य केला होता.

त्याने मला शेडमध्ये घेतलं, पण आधी खडूने जमिनीवर रेघ मारली. दीड मीटरचं अंतर. प्रेस आणि शेगडी माझ्या बाजूला, लेथ त्याच्या. रेघेवर पाय पडला की तो खाकरत असे. खिडकी उघडी, त्यामुळे एप्रिलची थंडी सरळ पाठीत. बंदुकीची दारू आणि ठिणगी पाडणारी टोपी भरायचं काम कपाटाला कुलूप लावून तो एकटा करणार, त्याला मी हात लावायचा नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. मला त्यात रसही नव्हता. बंदूक या गोष्टीबद्दल मला तेव्हा काही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. मला त्या पितळाने पकडलं. मेंढीच्या लोकरीतलं मेण बोटाने चोळायचं, इतकं की हाताला जाणवावं पण डोळ्याला दिसू नये. जास्त झालं की ते डायमध्ये अडकून खांद्यावर खळगा पाडतं. मग दांडा ओढायचा, आणि पुंगळी आत जाताना तळहाताला कळतं की ती वळतेय की कुढतेय. दुपारी एव्हर्ट लेथच्या टेबलावरच डबा उघडे: मऊ पाव, लोणी आणि त्यावर चॉकलेटचे दाणे. सत्तरीचा माणूस, लहान पोरासारखं खायचा आणि मोठ्या माणसासारखा उपदेश करायचा.

महिनाभर मीही पाचातल्या तीन फोडल्या. एके दिवशी चिडून एक फुटकी पुंगळी घरी आणली आणि जेवताना ताटाशेजारी ठेवली. वडील म्हणाले, "ते काढ इथून. बॅकग्राउंडला काडतूस दिसलं तर माझी नोकरी जाईल." आईने ती उचलली, नखाने वाजवली आणि म्हणाली, "किती वेळा तापवलीस?"

"एकदा. सुरुवातीला."

"म्हणूनच. नाशकात मामांच्या कारखान्यात हंडे घडवायचे ना, तेव्हा ठोकायची एक खेप झाली की परत भट्टीत. दर खेपेला. पितळ दमतं गं. त्याला मध्येमध्ये बसू द्यावं लागतं." मग तिने कडधान्याचं पितळेचं पातेलं आणलं, वाजवलं, आणि पुंगळी पुन्हा वाजवली. "हे बघ, मऊ असलं की बद्द वाजतं. खणखणीत वाजलं की समजायचं, आता फुटणार."

दुसऱ्या दिवसापासून मी तीन डायच्या तिन्ही पायऱ्यांआधी मान तापवली. खिडकीला जुनी घोंगडी लावून शेडमध्ये अंधार करायची. पुंगळी पाण्याच्या तबकात कमरेपर्यंत उभी, म्हणजे बूड गार आणि कडक राहतं. ते मऊ पडलं तर बंदुकीत गोंधळ होतो. वर ज्योत. मान अगदी विझत्या उदबत्तीच्या टोकाइतकी उजळली की ढकलून पाण्यात. मग वाजवून बघायची. मग पुढचा डाय. दहातल्या नऊ शाबूत निघू लागल्या. एव्हर्टने पहिली पुंगळी भिंगाखाली धरली, फिरवली, पुन्हा फिरवली, आणि एवढंच म्हणाला, "हं." कौतुकाचा शब्द काढताना या लोकांना दाढ उपटल्यासारखं होतं.

सौदा मी मांडला. त्याच्या जुन्या वर्कशॉपची मालकीण, जिथे तो तीस वर्षं होता, दरवर्षी एकच शिकाऊ घेते आणि साथ असली तरी याही वर्षी घेणार आहे, हे त्याच्याच तोंडून निसटलं होतं. मी म्हटलं, "माझं काम तिला दाखवा."

"पन्नास करून दे. एकही डाग नको."

"दहा. दहात कळत नसेल तिला तर ती मालकीण कसली?"

"तीस."

"वीस. माप तुमचं, निवड तुमची. पण ती तुम्ही स्वतः न्यायची आणि माझं नाव सांगायचं. आणि हे मला लिहून द्या."

तो खरोखर दुखावला. लाल झाला. "आमच्याकडे शब्द दिला की दिला. ठरलं म्हणजे ठरलं. हे तुझ्या देशातल्यासारखं नाही." या वाक्यावर मी त्याला तिथेच काही सुनावायला हवं होतं. पण जागा हवी होती, म्हणून गप्प बसले. कागदाशिवाय केलेला तो माझा पहिला आणि शेवटचा व्यवहार. आज माझ्याशी धंदा करणारे लोक कुरकुरतात की ही बाई चहाच्या कपाचीही पोच घेते. घेते. त्यांनी एव्हर्टला नावं ठेवावीत.

वीस पुंगळ्यांना सहा आठवडे लागले, कारण दिसायला चांगल्या अशा चौदा मीच बाद केल्या. जून संपताना त्या वीस मी हिरव्या फेल्टच्या पेटीत ओळीने उभ्या केल्या आणि रेघेच्या पलीकडे सरकवल्या. त्याने प्रत्येकीचं माप घेतलं. "उद्या नेतो," म्हणाला. मग म्हणाला, मालकीण सुट्टीवर आहे. मग, तिला खोकला आहे, चाचणी व्हायची आहे. मग शेडला कुलूप दिसू लागलं. जुलैच्या अखेरीस मी सायकल काढली आणि न विचारता वर्कशॉपवर गेले.

मालकीणबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, मास्क हनुवटीखाली ओढलेल्या. मी नाव सांगितलं, एव्हर्टचं नाव सांगितलं. त्या गोंधळल्या. "शिकाऊ तर आम्ही घेतला. एव्हर्टचा नातू, येरून. त्याचं काम बघितलंस का?" आणि माझीच पेटी माझ्यासमोर उघडली. येरून मागे लेथपाशी उभा होता, कोरा निळा डगला घालून, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्या शेडमध्ये तो दोनदा आला होता, दोन्ही वेळा आजोबांकडे गाडीची किल्ली मागायला.

"या मी केल्यात," मी म्हटलं.

"हे कशावरून?"

"त्याला विचारा, मान किती वेळा तापवली."

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "एकदा. सुरुवातीला." आजोबांचीच जुनी पद्धत.

पेटीतली एक पुंगळी उचलून त्यांनी तिच्या मानेवरचा रंग पाहिला, तापवल्याचे पट्टे एकावर एक बसलेले होते, तीन. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्या बाईला सगळं कळलं. मग पुंगळी जागेवर ठेवून त्या म्हणाल्या, "सही झाली आहे. आता ठरलं म्हणजे ठरलं." शब्द पाळण्याचा हा या लोकांचा थोर गुण. दिलेला शब्द मोडून झाला की त्यानंतरचा कागद ते प्राणपणाने पाळतात.

एव्हर्ट परसात गुलाबांना पाणी घालत होता. मी कुंपणावरूनच जे बोलायचं ते बोलले, डचमध्ये आणि मग डच पुरेना तेव्हा मराठीत. तो नळी हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी तुझ्या वडिलांना विचारलं होतं. सरळ विचारलं. ते म्हणाले, तू विद्यापीठात जाणार. तुला ही जागा नको आहे. त्यांनी माझे आभार मानले."

"माझी शाळा कुठली ते तुम्हाला माहीत आहे. शेडमधल्या कामाचे तास लिहिलेल्या माझ्या शाळेच्या कागदावर तुम्हीच सही केली आहे."

"बापाला माहीत असतं," तो म्हणाला, आणि नळी दुसऱ्या वाफ्याकडे वळवली.

म्हणजे त्याला पक्कं ठाऊक होतं की ते उत्तर खोटं आहे. त्याला फक्त ते कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. बाजारात असा माणूस मी नंतर पुष्कळ पाहिला. चोरीचा माल घेताना पावती मागणारा.

घरात वडील टेबलाशी होते. मी लॅपटॉप बंद केला. मीटिंग चालू होती, असू दे. म्हटलं, "एव्हर्टला काय सांगितलंत?"

"हळू बोल."

"काय सांगितलंत, बाबा?"

"अगं, तो अचानक आला कुंपणाशी. त्या दिवशी मंडळाचे गोडबोले परसात चहाला आले होते. त्याने त्यांच्यासमोर विचारलं, तुमची मुलगी पुढे काय करणार? वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागणार का? आता गोडबोल्यांसमोर मी काय सांगायला हवं होतं? चार वर्षं त्या माणसाला…"

"खरं."

"तुला कळत नाही. असल्या गोष्टी एकदा बाहेर गेल्या की…"

आई गॅसपाशी होती. तिने डाळीखालचा गॅस बंद केला आणि म्हणाली, "मी खिडकीशी होते त्या दिवशी. तुम्ही त्याला म्हणालात, 'तिचं ते खेळणं होतं, लॉकडाऊनपुरतं.' मला वाटलं, तुम्ही नंतर जाऊन त्याला खरं सांगाल."

"सांगणारच होतो."

"कधी?" आई म्हणाली. या प्रश्नावर वडिलांनी लॅपटॉप पुन्हा उघडला. त्या दुपारी आईने वरण कुकरला लावलं आणि सहा शिट्ट्या होऊ दिल्या.

सप्टेंबरात मी फायलींच्या वर्गात बसले. वर्षभर. त्याच वर्षीचा गणपती मंडळाने पडद्यावर केला, चाळीस चौकटी, आणि वडिलांनी सगळ्यांना सांगितलं की केतकीने विद्यापीठाआधी एक वर्ष 'स्वतःला शोधायला' घेतलं आहे. मी त्या वर्षी पहाटे पार्सलांच्या गोदामात पेट्या उचलत होते आणि दुपारी फोनवर गोड बोलायला शिकत होते. पुढे काय झालं ते या पुस्तकातल्या इतर प्रकरणांत आहे: तिसऱ्या हाताने घेतलेला पहिला लेथ, गॅरेज, मग शेड, मग कारखाना. त्यासाठी मला कुणी शिकाऊ म्हणून घेतलं नाही. जे काम चार वर्षांत कुणी शेजारी उभं राहून शिकवलं असतं ते मी बारा वर्षांत, सामान फोडून, बोटाचं एक पेर घालवून शिकले. लोक म्हणतात, तरी बघ, झालीसच ना. ही आठ वर्षं कुणाच्या खात्यातून गेली ते मात्र कुणी विचारत नाही.

एव्हर्ट गेला. येरूनने ते काम दोन वर्षांत सोडलं, आता तो कुठे घरं विकतो म्हणे. त्याच्यावर माझा राग नाही, तो रागाच्या लायकीचाच नाही. मालकीणबाईंनी वर्कशॉप विकलं तेव्हा घेणाऱ्यांत मीही होते आणि मुद्दाम पडेल भाव सांगितला. उरले वडील. ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, हूफडॉर्पला, तेव्हा शिकायला बाहेरगावी असलेल्या माझ्या थोरल्या भावाकडे राहतात, कान शाबूत, बुद्धी शाबूत, आणि दर रविवारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की मुलीला यंत्रांची गोडी त्यांनीच लावली. लॉकडाऊनमध्ये शेजारच्या कारागिराकडे त्यांनीच पाठवलं होतं म्हणतात. गोडबोलेकाकाही आहेत, नव्वदीला टेकलेले, आणि माना डोलावतात.

बाबा, या प्रकरणाची प्रत मी तुम्हाला पाठवते आहे आणि दुसरी गोडबोल्यांना. माफी मला नको, ती तुम्ही फार चटकन मागता. मला उत्तर हवं आहे. त्या दिवशी कुंपणाशी तुमच्यासमोर दोन माणसं उभी होती, एक माझी जागा मागणारा आणि एक तुमचा चहा पिणारा. तुम्ही चहा पिणाऱ्याचा विचार केलात. का, ते मला सांगा. फोनवर नको, आईचं नाव मध्ये आणून नको. कागदावर लिहा, खाली सही करा, आणि येत्या गणपतीला मंडळात उभं राहून स्वतः वाचा. मी पुढच्या रांगेत बसेन.